अ‍ॅपच्या नजरेखाली काम करणाऱ्यांसोबत अभ्यास करतोय, पण आमचाच फॉर्म त्यांना अ‍ॅपसारखा वाटला. काय करू?

पायवाट:

नमस्कार. जरा मोठं लिहितेय, वेळ असेल तर पूर्ण वाचा.

आम्ही चौघं मिळून डिलिव्हरी अ‍ॅपवर काम करणाऱ्या रायडर लोकांसोबत एक छोटा अभ्यास सुरू केलाय. अ‍ॅप दिवसभर त्यांच्यावर जी नजर ठेवतं, म्हणजे लोकेशन, वेग, किती ऑर्डरी नाकारल्या, रेटिंग, सेल्फी काढून हजेरी, या सगळ्याचा त्यांच्या कामावर आणि एकूणच जगण्यावर काय परिणाम होतो, आणि त्यातलं त्यांना काय चालतं नि काय चालत नाही, असा विषय आहे. सुरुवातीपासून आमचं ठरलेलं की त्यांच्यावर संशोधन करायचं नाही, त्यांच्यासोबत करायचं. प्रपोजलमध्येही तसंच लिहिलंय.

पहिल्या मीटिंगला तेरा जण आले. मी संमतीपत्रं छापून नेली होती आणि सोबत एक माहितीचा कागद. नाव, नंबर, कुठल्या अ‍ॅपवर, किती वर्षं, कुठल्या भागात, घरात माणसं किती, कर्ज आहे का. शिवाय चौदा दिवसांचा जीपीएस लॉग मागणार होतो, म्हणजे नकाशे करता येतील. कागद फिरवला. पहिल्या दोघांनी लिहिलं. तिसरे दादा पस्तिशीतले असतील, त्यांनी पेन उघडलं, कागद वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला, टोपण परत लावलं आणि म्हणाले, "ताई, अ‍ॅप पण एवढंच विचारतं. कर्जाचं तर ते पण नाही विचारत." कोणी हसलं नाही. कागद तिथेच थांबला. ज्या दोघांनी लिहिलं होतं त्यातल्या एकाने निघताना मागून घेतला आणि स्वतःचं नाव खोडलं, इतकं दाबून की कागद फाटला.

तेव्हापासून मला झोप नीट नाही. म्हणजे मी नजरेविरुद्ध काम करायला गेले आणि स्वतःच आणखी एक नजर झाले असं वाटतंय. आता अडलंय ते असं, की माहिती घेतली नाही तर अभ्यास कशाचा करणार? घेतली तर ठेवायची कुठे आणि त्यावर हक्क कुणाचा? त्यात आमच्या गाइड मॅडमचं म्हणणं की शेवटी सगळा डेटा खुल्या भांडारात टाकावा लागेल, आणि तेरा जण म्हणजे सॅम्पलच नाही. असं काम केलेल्या कोणी सांगाल का?

शाईपेन:

आधी एक काम करा, तो फाटलेला कागद नष्ट करा, त्यावर दुसऱ्या माणसाचं नाव अजून असेल. जे घडलं ते मात्र तुमच्या वहीत नावांशिवाय सविस्तर लिहून ठेवा, कारण तुमच्या अभ्यासातली पहिली खरी नोंद तीच आहे. तेरा जणांनी तुम्हाला एका मिनिटात दाखवलं की कोणती माहिती मागितली की त्यांना बघितल्यासारखं वाटतं. हे सर्व्हेमध्ये कधी कळलं नसतं.

अमेरिकेत डेट्रॉइट, शार्लट आणि लॉस एंजेलिस या तीन शहरांत अवर डेटा बॉडीज नावाच्या गटाने असं काम केलेलं आहे. त्यांनी शंभरावर रहिवाशांशी बोलून विचारलं की सरकारी मदत, घर, नोकरी, पोलीस यांच्याकडे तुमची माहिती कशी जाते आणि ती फिरून तुमच्याच अंगावर कशी येते. पण मला त्यांच्या मुलाखतींपेक्षा नंतरचं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. जे कळलं ते त्यांनी कार्यशाळांच्या रूपात परत लोकांकडे नेलं. त्यातली एक पद्धत अगदी साधी आहे, आपापलं पाकीट उघडायचं, आत कुठली कुठली कार्डं आहेत ती बघायची आणि प्रत्येक कार्ड माझ्याबद्दल कुणाला काय सांगतं ते बोलायचं. कार्ड पाकिटातून बाहेर काढून कुणाला द्यायचं नाही. लिहूनही घ्यायचं नाही. माणूस स्वतःच्या तोंडाने जेवढं सांगेल तेवढंच.

तुम्ही हेच फोनवर करू शकता. रायडरने स्वतःचा फोन स्वतःच्या हातात धरून अ‍ॅपला कोणकोणत्या परवानग्या दिल्यात ते बघायचं, कॅमेरा, लोकेशन "नेहमी", कॉन्टॅक्ट्स, आणि मग गप्पा. तुम्ही फक्त ऐकायचं. मी एकदा एका दुसऱ्या गटासोबत केलं तेव्हा एक बाई लोकेशनच्या पानावर येऊन बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मी सुट्टीच्या दिवशी बहिणीकडे जाते ते पण?" त्या एका वाक्यावर पुढे दीड तास चर्चा झाली.

आणखी एक, डेटा न्याय (म्हणजे आपल्याबद्दलच्या माहितीच्या वापरात आपल्यावर अन्याय न होणं) म्हणजे नुसती प्रायव्हसी असं धरून चालू नका. संशोधक लिनेट टेलर यांनी 2017 मध्ये जी मांडणी केली त्यात तीन गोष्टी येतात, आपण कुणाला दिसायचं नि कुणाला नाही हे आपल्या हातात असणं, तंत्रज्ञान कसं आणि किती वापरायचं (किंवा नाहीच वापरायचं) हे आपण ठरवणं, आणि डेटामुळे भेदभाव झाला तर तो पकडून जाब विचारता येणं. रायडरच्या बाबतीत पहिली गोष्ट फार गुंतागुंतीची आहे, कारण त्याला काही ठिकाणी दिसायचंच असतं. अपघात झाला तर कंपनीला तो दिसायला हवा, आणि संडासला गेला तर नको.

डेट्रॉइटचंच अजून एक सांगते. तिथे 2016 पासून पोलिसांनी प्रोजेक्ट ग्रीन लाइट म्हणून योजना आणली, दुकानं-पेट्रोल पंपांवर कॅमेरे, वर हिरवा लुकलुकता दिवा, आणि चित्रण थेट पोलिसांकडे. त्याला तिथल्या लोकांनी, कार्यकर्त्या टवाना पेटी त्यात पुढे होत्या, उत्तर दिलं ते हिरव्या खुर्च्यांनी. घराच्या ओसरीवर हिरवी खुर्ची टाकून बसायचं, शेजाऱ्याकडे लक्ष ठेवायचं. एकमेकांची काळजी म्हणून बघणं वेगळं आणि पाळत म्हणून बघणं वेगळं, हा फरक त्यांनी लोकांसमोर ठेवला. तुमच्या रायडरांना विचारा ना, की तुमच्याकडे कुणी बघितलेलं तुम्हाला बरं वाटतं आणि कुणी बघितलेलं नाही.

रात्रपाळी:

मी सहा वर्षं बाइकवर आहे, आमच्या युनियनचं पण थोडं काम बघतो. ताई तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, त्या दादांनी तोंडावर सांगितलं म्हणजे त्यांना तुमच्याशी बोलायचंय. ज्याला बोलायचं नसतं तो खोटा नंबर लिहून निघून जातो.

पण मला एक वेगळी भीती आहे. आता इथे सगळे सांगतील कमी माहिती घ्या, काहीच घेऊ नका. ते पण आमच्या कामाचं नाही. माझं अकाउंट एकदा अकरा दिवस बंद होतं. कारण काय तर लोकेशन जुळत नाही. मी एका मोठ्या बिल्डिंगच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये होतो, तिथे जीपीएस उडी मारतं, नकाशावर मी दोन गल्ल्या पलीकडे दिसत होतो. हे मी चॅटवर सांगितलं तर समोरून तेच तयार उत्तर सहा वेळा आलं. त्यांच्याकडे माझा सगळा दिवस सेकंदासेकंदाला आहे आणि माझ्याकडे मी खरा आहे हे दाखवायला एक स्क्रीनशॉट पण नव्हता. अकरा दिवसांनी अकाउंट आपोआप चालू झालं, का बंद झालं नि का चालू झालं ते आजपर्यंत कळलेलं नाही. तर अडचण अशी आहे की आमचा डेटा आमच्याविरुद्ध वापरला जातो आणि आमच्या बाजूने लढायला तो आमच्याकडे नसतो.

नेदरलँड्समध्ये ड्रायव्हर लोकांनी ह्याच मुद्द्यावर उबर आणि ओला यांच्याविरुद्ध केस लढवली. 4 एप्रिल 2023 ला अ‍ॅमस्टरडॅमच्या अपील कोर्टाने बऱ्याच बाबतीत ड्रायव्हरांच्या बाजूने निकाल दिला, कंपनीने त्यांचा डेटा द्यावा, निर्णय कसे होतात ते सांगावं, आणि काही जणांची अकाउंट बंद करताना माणसाचा सहभाग नुसता नावापुरता होता असं पण म्हटलं. इटलीत बोलोन्याच्या कोर्टाने 2020 च्या शेवटी डिलिव्हरू या जेवण पोचवणाऱ्या अ‍ॅपच्या शिफ्ट वाटणाऱ्या अल्गोरिदमला भेदभाव करणारा ठरवलं, कारण बुक केलेली शिफ्ट वेळेत रद्द केली नाही तर तुमचा नंबर खाली जायचा, मग तुम्ही आजारी असा नाहीतर संपावर, मशीनला सगळं सारखंच. आणि युरोपियन युनियनने 2024 मध्ये प्लॅटफॉर्म कामाचा जो कायदा केला त्यात रायडरच्या मनःस्थितीबद्दलचा आणि खाजगी बोलण्याचा डेटा प्लॅटफॉर्मने वापरायचाच नाही असं आहे. त्या दोन्ही केसेस कामगारांनी आणि त्यांच्या संघटनांनीच लढवल्या.

म्हणून सांगतो, आम्हाला विचारा की तुम्हाला कुठल्या प्रश्नाचं उत्तर पाहिजे. माझ्या ओळखीतल्या दहापैकी नऊ जण सांगतील, पैसे कसे ठरतात. नजर, स्वायत्तता हे तुमचे शब्द आहेत, चुकीचे नाहीत, पण आमच्यात ह्यालाच "ऑर्डर का नाही पडली आज" असं म्हणतात.

आकडेमोड:

रात्रपाळी, तुमचं पटलं. मी डेटाचं काम करतो, तर त्या बाजूने लिहितो.

पायवाट ताई, चौदा दिवसांचा जीपीएस लॉग कृपया घेऊ नका. नाव काढून टाकू, मग तो निनावी होईल असं सगळ्यांना वाटतं, तसं होत नाही. 2013 साली एक अभ्यास आला होता, 15 लाख लोकांच्या मोबाइल लोकेशनचा, त्यात दिसलं की कुठे आणि केव्हा असे फक्त चार बिंदू माहीत असले तरी 95 टक्के लोक एकमेकांपासून वेगळे काढता येतात. तुमच्या रायडरचा दिवस सुरू होतो ती जागा त्याचं घर आहे, आणि कंपनीकडे मूळ लॉग आहेच, तुमची फाइल त्यांच्या फाइलशेजारी ठेवली की दोन मिनिटांत कळेल कोण तुमच्याशी बोललं. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सींच्या 17 कोटींहून जास्त फेऱ्यांचा डेटा असाच बाहेर आला होता, गाडीचे नंबर हॅश करून, म्हणजे गणिती सूत्राने सांकेतिक अक्षरांत बदलून, झाकले होते, पण नंबरांची रचना इतकी ठराविक होती की सगळे शक्य नंबर हॅश करून बघितले आणि काही तासांत सगळं उघडं पडलं.

लॉगऐवजी कागद द्या. प्रत्येकाने आपला एक दिवस हाताने काढायचा, कुठे थांबलो, कुठे भीती वाटली, कुठे फोन वाजला, रस्त्यांची नावं न लिहिता. मीटिंग संपली की कागद ज्याचा त्याने घरी न्यायचा.

आणि पैशांचा प्रश्न असेल तर त्यालाही नमुना आहे. 2020 मध्ये अमेरिकेत शिप्ट या खरेदी पोचवणाऱ्या अ‍ॅपने मोबदल्याची पद्धत बदलली, कंपनी म्हणे नवीन पद्धत बरी आहे. तिथल्या कामगारांनी एमआयटीतल्या एका संशोधकाबरोबर एक टूल केलं, कामगाराने पगाराचा स्क्रीनशॉट मेसेजने पाठवायचा, त्यातले आकडे काढून त्याला लगेच त्याचं स्वतःचं उत्तर मिळायचं, जुन्या पद्धतीने किती मिळाले असते नि आता किती. दोनशेच्या आसपास लोकांनी पाठवलं आणि त्यातल्या सुमारे 40 टक्के लोकांचा मोबदला घटलेला निघाला. मला यातली गोष्ट आवडते ती ही की प्रश्न कामगारांनी आणला होता, आणि माहिती देणाऱ्याला त्याच क्षणी काहीतरी परत मिळत होतं. शोधनिबंध येईपर्यंत दोन वर्षं थांबायचं नव्हतं.

तुमच्याकडे तेरा माणसं आहेत, टूल वगैरे लागणार नाही. दोन रकाने पुरे, किती अंतर दाखवलं नि किती पैसे दिले. नाव नको, तारीखही नको, आठवडा पुरे. आणि कधी पुसून टाकणार तो दिवस आधीच ठरवा.

अजून एक, संमतीपत्रात "तुमची माहिती पूर्णपणे गोपनीय राहील" असं लिहिलं असेल तर ते वाक्य काढा. तुम्ही ते पाळू शकाल याची खात्री तुम्हाला नाही. बॉस्टन कॉलेजने 2001 ते 2006 मध्ये उत्तर आयर्लंडच्या संघर्षात भाग घेतलेल्यांच्या मुलाखती रेकॉर्ड केल्या, शब्द दिलेला की तुम्ही जिवंत असेपर्यंत बाहेर येणार नाहीत. 2011 मध्ये ब्रिटनच्या विनंतीवरून अमेरिकी समन्स निघालं आणि काही टेप शेवटी पोलिसांच्या हातात गेल्या. शब्द देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. जे रेकॉर्डच केलं नाही तेच कुणी मागून नेऊ शकत नाही.

खडूफळा:

मी अनेक वर्षं विद्यार्थ्यांचे प्रबंध बघते, म्हणून मॅडमच्या मुद्द्यावर बोलते, तो सुटण्यासारखा आहे.

खुला डेटा हे तत्त्व चांगलं आहे, पण त्याला मर्यादा आहेत हे आता संशोधनविश्वातही मान्य आहे. 2016 मध्ये फेअर तत्त्वं आली, डेटा सापडावा, मिळावा, परत वापरता यावा अशी. त्यानंतर 2019 मध्ये आदिवासी समूहांच्या जागतिक गटाने केअर तत्त्वं मांडली, की डेटाचा सामूहिक फायदा कुणाला, नियंत्रण कुणाचं, जबाबदारी कुणाची आणि नैतिकता काय, हे आधी बघा. त्याच्याही आधी, 1998 मध्ये, कॅनडातल्या फर्स्ट नेशन्स या मूळ रहिवासी समूहांनी ओकॅप म्हणून तत्त्वं केली होती, मालकी, नियंत्रण, पोहोच आणि प्रत्यक्ष ताबा. त्यातला शेवटचा शब्द नीट वाचा. मालकी कागदावर तुमची आणि हार्ड डिस्क विद्यापीठाच्या कपाटात, असं असेल तर ती मालकी नुसती नावाची. तुमचे रायडर आदिवासी समूह नाहीत, ती तत्त्वं जशीच्या तशी उचलू नका, त्यांच्यामागे फार वेगळा आणि कठीण इतिहास आहे. पण ताबा कुणाकडे हा प्रश्न तुम्ही त्यांच्याकडून शिकू शकता.

त्या इतिहासातली एक गोष्ट मॅडमना सांगा. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमधल्या हावासुपाय या आदिवासी लोकांनी 1990 च्या सुमारास अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना रक्त दिलं, त्यांच्यात मधुमेह खूप होता आणि त्यावर उपाय निघेल ही आशा होती. पुढे त्याच रक्तावर स्किझोफ्रेनिया, आप्तसंबंधातले विवाह आणि त्यांचे पूर्वज कुठून स्थलांतर करून आले अशा विषयांवर काम झालं, जे त्यांनी मान्य केलेलंच नव्हतं, आणि स्थलांतराचा भाग तर त्यांच्या उत्पत्तीच्या श्रद्धेलाच धक्का देणारा. ते कोर्टात गेले. 2010 मध्ये तडजोड झाली, 41 जणांना मिळून 7 लाख डॉलर, आणि रक्ताचे उरलेले नमुने परत. एकदा घेतलेली सही पुढच्या प्रत्येक वापराला लागू होत नाही, हे समजायला यापेक्षा दुसरं उदाहरण लागू नये. खुल्या भांडारात टाकलेल्या डेटाचं नेमकं तेच होतं, पुढे कोण कशाला वापरेल ते तुमच्या हातात राहत नाही, आणि रायडरच्या तर नाहीच नाही.

तेरा जणांचं म्हणाल तर, टक्केवारी काढायची असेल तर तेरा कमी आहेत. तुम्ही टक्केवारी काढूच नका. पाळत कशी चालते, माणूस तिच्याशी कसं जुळवून घेतो, कुठे चुकवतो, हे तेरा जणांकडून वारंवार भेटून जितकं खोल कळेल तितकं तेराशे फॉर्ममधून कळणार नाही. फक्त हे तसं स्पष्ट लिहा, "बहुतेक रायडरांना असं वाटतं" अशी वाक्यं नकोत. आणि "कुठे चुकवतो" याबद्दल एक विनंती, रायडर अ‍ॅपला चकवण्याच्या युक्त्या सांगतील. त्या छापू नका. वाचकाला रंजक वाटतील, पण कंपनीही वाचते, आणि तुमचा निबंध आला की दुसऱ्या महिन्यात ती युक्ती बंद झालेली असेल.

रात्रपाळी:

खडूफळा मॅडम, शेवटचं लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. हे कोणी सांगत नाही. आमच्याबद्दल एकदा असंच लिहून आलं होतं, वाचताना अभिमान वाटला, नंतर खरंच ती सोय गेली.

पायवाट:

उशिरा लिहितेय, मध्ये दुसरी मीटिंग झाली म्हणून थांबले होते.

आधी सगळ्यांचे आभार. तो फाटलेला कागद मीटिंगमध्येच सगळ्यांसमोर फाडून टाकला, आणि जे चुकलं ते चुकलं म्हणून सांगितलं. यावेळी नऊ जण आले. पेन-टोपणवाले दादा आले होते, ते बघून बरं वाटलं.

फोन प्रत्येकाच्या हातात ठेवून परवानग्यांचं केलं. निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं की ड्यूटी बंद केल्यावरही लोकेशन चालू राहतं, दोघांनी तिथल्या तिथे सेटिंग बदललं आणि मग एकाने परत पहिल्यासारखं केलं, कारण त्याला भीती की सकाळी लॉगिनच होणार नाही. हे मी वहीत नाव न लिहिता टिपलं, आणि लिहिलेलं सगळ्यांना वाचून दाखवलं. त्याने सांगितलं "भीती" नको, "रिस्क नको घ्यायला" असं लिहा. तसं बदललं.

मग रात्रपाळी दादांनी सांगितलं तसं विचारलं की तुम्हाला कशाचं उत्तर हवंय. पैशाचं येईल असं मी धरून चालले होते. आलं ते, पण सगळ्यात जास्त वेळ गेला तो सेल्फीवर. दिवसातून कधीही अ‍ॅप सांगतं चेहरा दाखवा, हेल्मेट काढून, पावसात, सिग्नलला, आणि नाही दाखवला तर अकाउंट अडकतं. त्यांना जाणून घ्यायचंय की तो फोटो कुठे जातो, किती दिवस राहतो, आणि चेहरा जुळला नाही हे माणूस ठरवतो की मशीन. तर आता आमचा प्रश्न बदलला. कंपन्यांच्या अटी आणि प्रायव्हसी पॉलिसी आम्ही चौघं वाचून त्यांच्या भाषेत करून आणणार, आणि तेच ठरवणार की पुढे काय विचारायचं नि कुणाला. जीपीएस बाद. पगाराचे दोन रकाने ठेवलेत, ते त्यांच्यातल्याच एकाच्या वहीत, आमच्याकडे नाहीत.

मॅडमशी बोलले. केअर तत्त्वांचं त्यांना माहीत होतं, म्हणाल्या की प्रपोजलमध्ये नीट कारणासह लिहून द्या, मी समितीपुढे मांडते. सॅम्पलबद्दल अजून तयार नाहीत.

एक विचारायचं राहिलं. दादांनी निघताना विचारलं की निबंधावर आमचं नाव येणार का. मी चटकन हो म्हणाले, आणि घरी आल्यावर लक्षात आलं की नाव छापलं तर कंपनीला कळेल, नाही छापलं तर त्यांचं काम आमच्या नावावर जाईल. गटाचं एखादं नाव ठेवून लेखक म्हणून द्यावं असं डोक्यात आहे. कोणी केलंय का तसं?

शाईपेन:

केलंय, गटाच्या नावाने. पण ते नाव तुम्ही सुचवू नका, पुढच्या मीटिंगला त्यांनाच ठरवू द्या. आणि ज्याला स्वतःचं खरं नाव हवंय त्याला नंतर एकट्यात परत विचारा, सगळ्यांसमोर माणूस नाही म्हणायला संकोचतो. छापायला जायच्या आदल्या आठवड्यात पुन्हा एकदा विचारा.